कान झाकून ऐकताना

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी शेंदूरजनाघाटचा. वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. इथल्या रोपवाटिकांमधून तयार झालेल्या कलमा दूरदूरच्या बागांमध्ये लागल्या आहेत. मी मात्र कलमा बांधत नाही. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर असायचे, मग सीडी प्लेअर आले, आणि आता निम्मं टेबल हेडफोनांनी भरलेलं असतं. कुणाची पिन तुटलेली, कुणाची वायर आतून गेलेली, कुणाचा एक कान बंद. त्यामुळे आज मला 'ऐकण्याची साधने' या विषयावर बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सगळ्या साधनांवर बोलण्यापेक्षा एकाच वस्तूवर नीट बोलू या. ती वस्तू म्हणजे क्लोज्ड बॅक प्लेनर हेडफोन.

नाव अवघड आहे, पण वस्तू समजायला सोपी आहे. 'क्लोज्ड बॅक' म्हणजे ज्याचे कानावरचे कप मागून बंद आहेत असा. 'प्लेनर' म्हणजे ज्याचा पडदा सपाट आहे असा. ही वस्तू आजही आपल्या भागात फारशी दिसत नाही. पण पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली आपली मुलं ती घेऊन गावी येतात, गावातली मुलं ती पाहतात, आणि मग घरात प्रश्न उभा राहतो, एवढे पैसे कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर 'चांगलं आहे, घ्या' किंवा 'उधळपट्टी आहे, घेऊ नका' असं एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आधी वस्तू उघडून पाहू.

ज्यांनी कधी स्पीकर उघडून पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल की आत एक चुंबक असतं, चुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल असते, आणि त्या कॉइलला चिकटलेला पडदा असतो. कॉइलमधून आवाजाचा विद्युतप्रवाह गेला की ती मागेपुढे हलते, तिच्याबरोबर पडदा हलतो, पडदा हवेला ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. बाजारातल्या बहुतेक हेडफोनांमध्ये याच रचनेची छोटी आवृत्ती असते. तिला डायनॅमिक ड्रायव्हर म्हणतात. अडचण इतकीच की पडद्याला धक्का फक्त कॉइल चिकटलेली असते त्या गोल भागातच मिळतो. बाकीचा पडदा त्याच्या मागे फरफटत जातो.

आपल्या शेतकरी श्रोत्यांना मी ताडपत्रीचं उदाहरण देतो. खळ्यातली ताडपत्री एकट्या माणसाने मधोमध धरून झटकली तर मधला भाग वर जातो आणि कडा आपल्या मर्जीने फडफडत राहतात. तीच ताडपत्री आठ-दहा जणांनी ठिकठिकाणी धरून उचलली तर ती सगळीकडून एकसारखी वर जाते आणि एकसारखी खाली येते. प्लेनर हेडफोनात ही दुसरी गोष्ट होते. त्यात पडदा म्हणजे प्लॅस्टिकची अतिशय पातळ झिल्ली असते, काही मायक्रॉन जाडीची. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. या झिल्लीवर धातूची सपाट पट्टी नागमोडी वळणं घेत या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असते. झिल्लीच्या एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना चुंबकांच्या कांड्या ओळीने बसवलेल्या असतात. पट्टीतून प्रवाह गेला की जवळजवळ सगळ्या झिल्लीला एकाच वेळी, सारखाच जोर लागतो. कडा फडफडण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून आवाजाचा विकार, ज्याला आम्ही डिस्टॉर्शन म्हणतो, तो विशेषतः खालच्या जड स्वरांमध्ये कमी राहतो.

ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने १९१० च्या सुमारास हेडफोन तयार करून तिथल्या नौदलाला दिले, तिथून या वस्तूचा खरा प्रवास सुरू झाला. १९३७ मध्ये जर्मनीच्या बायरने डायनॅमिक जातीचा हेडफोन बाजारात आणला. १९५८ मध्ये कॉसने स्टिरिओ हेडफोन आणला आणि घरी बसून संगीत ऐकण्यासाठी हेडफोन वापरायची पद्धत पडली. सपाट पडद्याचा हेडफोन यामाहाने १९७६ मध्ये एचपी-१ या नावाने काढला. त्याचं रूप मारिओ बेलिनी या इटालियन रचनाकाराने ठरवलं होतं. पण १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि जगाला खिशात मावणारा, हलका, स्वस्त हेडफोन हवासा झाला. जड चुंबकांचा सपाट पडदा मागे पडला.

तो परत आला यामागे नियोडिमियम चुंबकांचा मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकात शोध लागलेली ही चुंबकं लहान आकारात प्रचंड ताकद देतात. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात ऑडीझी ही कंपनी स्थापन झाली. तिने आणि हायफायमॅनसारख्या कंपन्यांनी सपाट पडद्याला पुन्हा बाजारात आणलं. पुढे २०२३ मध्ये ऑडीझी कंपनी सोनीच्या खेळ विभागाने विकत घेतली. म्हणजे ज्या सोनीच्या वॉकमनने हा हेडफोन मागे टाकला, त्याच सोनीच्या घरात तो पाहुणा म्हणून नाही, घरचा म्हणून आला! आपल्या देशातही काल्डास रिसर्च नावाच्या छोट्या कंपनीने आरआर-१ कॉन्क्वेस्ट नावाचा हेडफोन तयार केला. तो प्लेनरचा चुलतभाऊ म्हणावा असा इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचा आहे. त्यात चुंबक नसतं, उच्च दाबाच्या विजेने झिल्ली हलते. असो.

आता 'क्लोज्ड बॅक'कडे येतो. पडदा पुढे हवा ढकलतो तसा मागेही ढकलतो. पुढचा आवाज कानात जातो. मागच्या आवाजाचं काय करायचं? ज्या हेडफोनाचे कप मागून जाळीचे असतात, त्यात तो सरळ बाहेर निघून जातो. अशा उघड्या हेडफोनात गाणं मोकळं वाटतं, खोलीत बसून ऐकल्यासारखं. पण ते शेजारच्यालाही ऐकू येतं, आणि शेजारच्याचा टीव्ही तुम्हालाही ऐकू येतो. एकेका माणसाला एकेक खोली असलेल्या घरात हे चालतं. आपल्याकडे एका खोलीत आजीचं हरिपाठ, दुसऱ्या कोपऱ्यात मालिका, मधे मुलाचा अभ्यास, आणि उन्हाळ्यात या सगळ्यांवर कूलरची घरघर. अशा घरात मागून बंद असलेला हेडफोनच कामाचा.

पण कप बंद केला की मागे गेलेला आवाज कपाच्या भिंतीवर आपटून परत पडद्याकडे येतो. विहिरीत तोंड घालून हाक मारली की कशी घुमते, तसं काहीसं. स्वस्त बंद हेडफोनात गायक डब्यात बसून गातोय असं वाटतं ते यामुळे. हा परत येणारा आवाज जिरवण्यासाठी आत नमदा, फोम, कापूस, निरनिराळ्या आकाराच्या जाळ्या बसवाव्या लागतात. किती, कुठे, कोणत्या जाडीचा, हे ऐकून आणि मोजून ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या डॅन क्लार्क यांच्या कंपनीने २०२१ मध्ये स्टेल्थ नावाचा बंद प्लेनर काढला, त्यात आवाज जिरवण्यासाठी बारीक बारीक कप्प्यांचा एक खास तुकडा कान आणि पडदा यांच्या मधे बसवला. त्याची किंमत होती सुमारे ४ हजार डॉलर! सांगायचा मुद्दा असा की चांगला उघडा हेडफोन करण्यापेक्षा चांगला बंद हेडफोन करणं कठीण आहे, आणि किमतीचा एक भाग या कष्टाचा असतो.

मध्यंतरी दुरुस्तीच्या निमित्ताने असा एक बंद प्लेनर माझ्या दुकानात आला. वायर बदलायची होती. मालक ओळखीचा, तो म्हणाला, आठ दिवस ठेवा आणि ऐका. मग मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर तास-दीड तास ऐकलं. काय ऐकलं ते सांगतो.

पहिल्यांदा खंजिरी लावली. आपल्या अमरावती जिल्ह्यात खंजिरीची ओळख करून द्यायची गरज नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या एवढ्याशा वाद्यावर गावंच्या गावं जागी केली. खंजिरीत दोन आवाज असतात, चामड्यावरची थाप आणि चकत्यांची छनछन. साध्या हेडफोनात ते एकमेकांत मिसळतात. या हेडफोनात थाप पडली आणि थांबली, छनछन सुरू झाली आणि विरत गेली, हे वेगवेगळं कळत होतं. बोट चामड्यावर दाबून सूर वर चढवला जातो तो घसरत जाणारा आवाजही स्पष्ट होता. त्यानंतर तानपुरा ऐकला. तानपुऱ्याची जवारी म्हणजे तारेच्या मुळाशी जन्मणारी गुंजन. ती एकाच आवाजासारखी वाटते, पण तिच्यात अनेक सूर एकामागून एक उमलत असतात. ते उमलणं ऐकू येणं ही मला या हेडफोनाची सगळ्यात मोठी देणगी वाटली.

मग मी वसंतराव देशपांड्यांकडे वळलो. वसंतराव आपल्या वऱ्हाडचे, १९२० साली मूर्तिजापूरला जन्मलेले. त्यांची एक मैफल लावली. त्यांच्या तानेचा वेग आपण सगळे जाणतो. या हेडफोनावर तानेतला एकेक दाणा सुटा ऐकू आला, हे खरं. पण त्याचबरोबर टेपची सरसर, मायक्रोफोनजवळ झालेली खाकर, श्रोत्यांमधली कुजबूज हेही सगळं ऐकू आलं. त्याहून जुनी, तव्यांच्या जमान्यातली ध्वनिमुद्रणं लावली तेव्हा तर सुईची खरखरच जास्त जाणवू लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हेडफोन आवाज घडवत नाही, जे रेकॉर्ड झालं आहे तेवढंच कानापर्यंत पोचवतो. जुन्या तव्यांवर वरच्या पट्टीतले आवाज फारसे टिपलेच जात नसत. मध्यम लहरींच्या रेडिओवर आपल्याकडे दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज नीट जात नाही. एफएमवर तो १५ किलोहर्ट्झपर्यंत जातो. तेव्हा श्रोतेहो, मी आत्ता जे बोलतो आहे ते आपण मध्यम लहरींवर ऐकत असाल, तर पाचशे रुपयांच्या आणि पन्नास हजारांच्या हेडफोनात माझा आवाज सुधारणार नाही. ज्याचा सगळा आनंद बातम्या, भाषणं, कीर्तनं आणि जुनी गाणी यांत आहे, त्याने महागड्या हेडफोनामागे धावू नये. ज्याला नव्या, स्वच्छ ध्वनिमुद्रणातली वाद्यं बारकाईने ऐकायची आहेत, जो स्वतः गातो-वाजवतो किंवा रेकॉर्डिंगचं काम करतो, त्याच्यासाठी गोष्ट वेगळी.

आता किमतीचं बघू. ऑडीझीचा मॅक्सवेल नावाचा बंद प्लेनर हेडफोन बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३०० डॉलरच्या आसपास होती. आजच्या भावाने पंचवीस हजार रुपयांहून अधिक, त्यावर आपल्याकडचे कर निराळे. प्लेनरमध्ये ही किंमत खालच्या बाजूची समजली जाते. मग जास्त पैसे म्हणजे जास्त चांगला आवाज का? २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. वरपासून खालपर्यंतचे सूर हेडफोन किती प्रमाणात पोचवतो, म्हणजे त्याचा स्वरतोल कसा आहे, हे त्याने मोजलं. त्याचा आणि किमतीचा काहीही संबंध त्याला आढळला नाही. महागड्यातही बेसूर तोलाचे निघाले आणि स्वस्तातही नेटके निघाले.

मग पैसे जातात कुठे? चुंबकांमध्ये, हाताने केलेल्या जुळणीत, डावा आणि उजवा पडदा एकमेकांशी जुळवून घेण्यात, थोड्या संख्येने माल काढण्यात, आयातीत, आणि नावात. विकार कमी होणं, बारकावे सुटे होणं हा फायदा मिळतो, पण तो पैशाच्या पटीत वाढत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी उडी पाचशे रुपयांच्या हेडफोनावरून तीन-पाच हजारांच्या नीट निवडलेल्या हेडफोनाकडे जाताना मिळते. तिथून पुढची प्रत्येक पायरी बारीक होत जाते आणि किंमत मात्र मोठी होत जाते.

आमच्या गावात कलम घ्यायला आलेल्या नव्या शेतकऱ्याची नजर शेंड्यावर असते. हिरवागार, तजेलदार शेंडा पाहिला की तो खूश. जाणता शेतकरी खाली वाकतो, खुंट पाहतो, डोळा किती उंचीवर बांधला आहे ते पाहतो, मुळी पाहतो. हेडफोनाचंही तसंच आहे. लाकडी कप, कातडी पट्टा, चकचकीत पेटी हा शेंडा झाला. मुळी कशी पाहायची ते सांगतो.

एक, आपण नेहमी ऐकतो तीच तीन-चार गाणी घेऊन निदान अर्धा तास ऐका. अनोळखी गाण्यावर पारख होत नाही. दोन, दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. जो थोडा मोठा वाजतो तोच आपल्या कानाला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तीन, गादी कानाभोवती नीट चिकटते का ते पाहा. बंद हेडफोनाचा खर्ज हा त्या चिकटण्यावर अवलंबून असतो. चष्म्याच्या काडीने फट पडली की ढोलकीची टिमकी होते. चार, वजन. चुंबकांमुळे प्लेनर जड असतो. तो मॅक्सवेल जवळपास अर्धा किलोचा आहे. दुकानात पाच मिनिटांत मान दुखत नाही, घरी तासाभराने दुखते. पाच, आपल्या मोबाइलवर तो पुरेसा वाजतो का? काही प्लेनरना जास्त ताकद लागते, त्यासाठी वेगळा अॅम्प्लिफायर घ्यावा लागला तर तोही हिशेबात धरा. सहा, गाद्या आणि वायर बदलून मिळतात का? आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात बंद कपात कान घामेजतात आणि नकली कातडं सोलून निघतं. ते दोन-तीन वर्षांत बदलायला लागणार, हे गृहीत धरा.

आणि दुरुस्ती करणारा म्हणून सातवी गोष्ट. वायर मी जोडून देईन, पिन बदलून देईन, गादी बसवून देईन. झिल्ली फाटली किंवा तिच्यावरची पट्टी जळली, तर माझ्याकडे इलाज नाही. तो हेडफोन कंपनीकडेच पाठवावा लागतो. म्हणून वॉरंटी कोण देतं ते विचारा. आणखी एक, या चुंबकांना लोखंडाचा कीस फार आवडतो. वेल्डिंगच्या किंवा ग्राइंडरच्या जवळ हा हेडफोन ठेवू नका. कीस आत गेला की झिल्लीवर खरखर सुरू होते.

श्रोतेहो, इथपर्यंत वस्तूबद्दल बोललो. पण याच हेडफोनाने मला कानाबद्दल एक गोष्ट दाखवली, ती सांगायलाच हवी.

आमच्या भागातल्या एका रोपवाटिकेचे मालक आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा त्या आठ दिवसांत दुकानात आले होते. मुलाने हंगामात कलमा भरण्याचं काम करून पैसे साठवले होते आणि त्याला असाच हेडफोन घ्यायचा होता. वडील म्हणाले, "भाऊ, एवढ्या पैशात असं काय ऐकू येते? मोबाइलवर तं गाणं फुकटातच वाजते."

मी म्हटलं, ऐकूनच पाहा. अलीकडे रेकॉर्ड झालेलं एक खंजिरी भजन लावलं. आधी माझ्याकडचा साधा हेडफोन, मग हा. मुलगा लगेच म्हणाला, "काकाजी, छनछन किती साफ येऊन राह्यली!" मग वडिलांनी ऐकलं. दोन्ही हेडफोन आलटून पालटून ऐकले आणि म्हणाले, "मले तं दोन्ही सारखेच वाटून राह्यले."

मुलाने विचारलं, "बाबा, तुम्हाले छनछन नाही आली?"

ते म्हणाले, "कोन्ती छनछन?"

मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. वडील पंधरा-सोळा वर्षं बागेत ट्रॅक्टरवरचा ब्लोअर स्वतः चालवतात. फवारणीच्या दिवसांत सकाळपासून दुपारपर्यंत त्या यंत्राला पाठ लावून बसायचं, कानावर फार तर दुपट्टा. मोठ्या आवाजाने होणारा बहिरेपणा बहुधा ४ किलोहर्ट्झच्या आसपासच्या आवाजांपासून सुरू होतो. माणसाचं बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून कळतच नाही. आधी जातात ते बारीक, वरचे आवाज: चकत्यांची छनछन, पाखरांची किलबिल, बोलण्यातले स आणि श. घरचे म्हणतात, हे लक्ष देत नाहीत. माणूस म्हणतो, तुम्हीच पुटपुटता.

ते दोघं पुढच्या आठवड्यात अमरावतीला जाऊन कानाची तपासणी करून आले. आलेख काढल्यावर दोन्ही कानांचे वरचे आवाज उतरलेले निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल. ब्लोअरवर बसताना घालायची कान झाकणारी संरक्षक साधनं त्यांनी लिहून दिली. ती काही शे रुपयांत मिळतात. मुलाने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून आधी ती दोन जोड आणली, एक वडिलांसाठी आणि एक गड्यासाठी. हेडफोन त्याला अजून घ्यायचा आहे, आणि मी त्याला नको म्हणणार नाही. ज्याचे कान शाबूत आहेत त्याने खंजिरी ऐकावी, जरूर ऐकावी.

पण कान शाबूत राहिले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल धरली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९२ ला अडीच तास. हे तास दिवसाचे नाहीत, आठवड्याचे आहेत. जगातली एक अब्जाहून अधिक तरुण माणसं ऐकण्याच्या अशा सवयींमुळे धोक्यात आहेत, असं ही संघटना सांगते.

इथे बंद हेडफोनाचा खरा उपयोग आहे. उघड्या हेडफोनात किंवा साध्या बोंडात कूलरचा, बसचा, बाजाराचा आवाज आत येतो आणि त्यावर मात करायला आपण गाण्याचा आवाज चढवतो. बंद कपाने बाहेरचा गोंगाट, विशेषतः वरच्या पट्टीतला, बराच अडतो, म्हणून गाणं हळू लावूनही ऐकू येतं. कूलरची खालची घरघर मात्र कपाला पुरती अडत नाही, तेवढी राहतेच.

आणि सपाट पडद्याचा एक धोकाही आहे. साधा हेडफोन मोठा लावला की तो फाटतो, चिरकतो, आणि आपण आपोआप आवाज कमी करतो. तो चिरकणं हा एक प्रकारचा इशाराच असतो. प्लेनर मोठ्या आवाजातही फाटत नाही, स्वच्छच वाजत राहतो. त्यामुळे कानाला त्रास होईल इतका आवाज झाला तरी मनाला तो मोठा वाटत नाही. म्हणून हा हेडफोन घेणाऱ्याने मोबाइलमधली आवाजाची मर्यादा ठरवून घ्यावी आणि तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे करावेत. मी दुकानात एक साधी खूण ठेवली आहे. हातभर अंतरावरच्या माणसाने नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि ती अजिबातच कळली नाही, तर एकदा हेडफोन काढा आणि आवाज किती चढला आहे ते पाहा.

दोन गोष्टी मात्र कधी करू नयेत. एक, गाडी चालवताना किंवा रस्त्याने चालताना बंद हेडफोन घालू नये. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येणं हा गाण्यापेक्षा मोठा लाभ आहे. दुसरी, गाण्याचा हेडफोन हा संरक्षक साधन समजून ब्लोअरवर किंवा लग्नाच्या डीजेसमोर घालू नये. त्यात गाणं सुरू केलं की कानावर दुहेरी मार होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आपल्या वरातींकडे पाहिलं तर ही मर्यादा कुणाला ठाऊक आहे असं वाटत नाही.

तेव्हा बंद प्लेनर हेडफोनाचं मोल किती, याचा माझा हिशेब असा. ऐकण्याजोगं स्वच्छ ध्वनिमुद्रण, ऐकायला निवांत वेळ आणि ऐकू शकणारे कान, या तीन गोष्टी असतील तर त्याचे पैसे वसूल होतात. यांतली पहिली गोष्ट बाजारात मिळते. दुसरी आपण ठरवलं तर मिळते. तिसरी जन्माबरोबर एकदाच मिळते, आणि तिच्या गाद्या बदलून देणारा दुरुस्तीवाला कुठल्याच गावात नाही.